पाण्याला खोली कळते, पसारा कळत नाही

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एक विषय दरवर्षी निघतोच. सातव्या मजल्यावर शॉवरला जोर नाही. यंदा तिथले काका तोडगाच घेऊन आले होते. गच्चीवरची पाच हजार लिटरची टाकी काढायची आणि दहा हजारांची बसवायची. "पाणी दुप्पट, तर जोरही दुप्पट!" बऱ्याच माना डोलल्या, कोटेशन मागवायचं ठरलं. दाराशी उभा असलेला प्लंबर एवढंच म्हणाला, "साहेब, टाकी मोठी नका करू, उंच करा." त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. त्या हॉलमध्ये पाण्याचा दाब कळलेला माणूस बहुधा तो एकटाच होता.

काकांची चूक मात्र अगदी स्वाभाविक आहे. जास्त वजन म्हणजे जास्त दाब, हे आपण पोतं पाठीवर घेऊन शिकलेलो असतो. पाणीही वजनदारच. मग जास्त पाण्याने जास्त दाब का पडू नये?

टाकीच्या तळावर नखाएवढा, एक चौरस सेंटीमीटरचा चौकोन आखा. त्या चौकोनावर वरपर्यंत पाण्याचा एक सडपातळ खांब उभा आहे असं समजा. तो दहा मीटर उंच असेल तर त्यात एक लिटर पाणी मावतं, म्हणजे एक किलो वजन. तेवढा भार त्या नखाएवढ्या जागेवर. प्लंबर लोक "दोन किलोचं प्रेशर" म्हणतात ते हेच, दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो, म्हणजे सुमारे वीस मीटर पाण्याची उंची. आता टाकी दुप्पट रुंद करा. शेजारी आणखी खांब उभे राहतील, पण प्रत्येक खांब आपापल्या चौकोनावर उभा आहे. शेजाऱ्याचं वजन आपल्या चौकोनावर येत नाही. आपला खांब उंच झाला तरच आपला भार वाढणार.

आमच्या इमारतीचा हिशेब मग सरळ आहे. सातव्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे ०.३ किलोचं प्रेशर. तळमजल्यावरचा नळ त्याच्याही एकवीस मीटर खाली, म्हणजे २.४ किलो. टाकी एकच आणि पाणीही तेच, पण तळमजल्यावर दाब आठपट. दहा हजार लिटरच्या पसरट टाकीने काकांच्या ०.३ चं काहीच झालं नसतं. पाण्याची पातळी उतरायला जास्त वेळ लागला असता, एवढाच फायदा. (वाहत्या पाण्याचा थोडा दाब पाइपच्या घर्षणातही जातो आणि आमचे पाइप आतून गंजलेले आहेत. तो वेगळा विषय, पुढच्या वर्षीच्या सभेचा.)

इथवर गोष्ट तळाची झाली. भिंतीवर दाब का येतो? विटांची चळत जमिनीवरच भार टाकते, शेजारच्या भिंतीला ती ढकलत नाही. पाणी ढकलतं, कारण त्याला स्वतःचा आकार धरून उभं राहता येत नाही. वरचं वजन आलं की खालचं पाणी बाजूला सरकू पाहतं. भिंत आडवी येते म्हणून थांबतं, पण रेटत राहतं. आणि एका खोलीवर ते जितक्या जोराने खाली दाबतं तितक्याच जोराने आडवं आणि वरही. स्थिर पाण्यात दाबाला दिशा नसते.

धान्याचं तसं नाही. कणगीत गहू भरत गेलात तर तळावरचा दाब आधी वाढतो आणि काही उंचीनंतर वाढायचा जवळजवळ थांबतो, कारण दाणे कणगीच्या भिंतीला घासतात आणि वरच्या गव्हाचं बरंचसं वजन त्या घर्षणावर तोललं जातं. स्थिर पाण्याला भिंतीशी घर्षण नाही. त्याचा सगळा भार खाली पोचतो.

शाळेत हे दाखवायला बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडायचा प्रयोग असतो. सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाते, असं चित्र अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं. बाटली टेबलावर ठेवून, धारा त्याच टेबलावर पाडून बघा. लांब जाते ती मधली. खालच्या भोकातून पाणी सर्वांत वेगाने निघतं हे खरं, पण तिथून टेबल इतकं जवळ की लांब जायला वेळच मिळत नाही. तीच बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवून धारा जमिनीवर पडू दिल्यात तर खालचीच धार जिंकते. चित्र काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी प्रयोग केलेला असावा.

आता जरा डोकं चक्रावणारा भाग. तीन भांडी घ्या. एक सरळ पिंप, एक वर पसरत गेलेलं घंगाळ आणि एक वर निमुळतं होत गेलेली कळशी. तिघांचे तळ सारख्या क्षेत्रफळाचे आहेत आणि तिघांत पाणी सारख्याच उंचीपर्यंत भरलंय असं माना. घंगाळात पाणी सर्वांत जास्त, कळशीत सर्वांत कमी. तरी तिन्ही तळांवर पाण्याचा जोर अगदी सारखा. सायमन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये हे मांडलं, तेव्हापासून त्याला विरोधाभास म्हणायची पद्धत आहे. पण त्यात विरोध कसलाच नाही. घंगाळातलं जादा पाणी त्याच्या तिरक्या भिंतींवर विसावलेलं असतं, ते वजन भिंती पेलतात. कळशीत उलट. आत झुकलेल्या भिंतींना पाणी वर ढकलतं आणि त्या भिंती पाण्याला तितक्याच जोराने खाली दाबतात. त्यामुळे पाणी कमी असूनही तळावरचा जोर तेवढाच राहतो. काट्यावर ठेवलीत तर मात्र भांडी आपापल्या खऱ्या वजनाचीच भरतील, कारण भिंतींवरचा तो वरचा-खालचा जोरही भांड्यामार्फत काट्यावरच उतरतो.

हीच गोष्ट टोकाला नेली की पास्कालचं पिंप मिळतं. पाण्याने गच्च भरलेलं लाकडी पिंप, झाकणातून वर जाणारी बारीक उंच नळी, आणि त्या नळीत ओतलेलं थोडंसं पाणी. पिंपाच्या फळ्या उघडतात. हा प्रयोग ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर सांगितला जातो. तो त्याच्या हातून झाला असो वा नसो, हिशेब पक्का आहे. नळीचं छिद्र एक चौरस सेंटीमीटर आणि उंची दहा मीटर धरली तर तिच्यात एकच लिटर पाणी लागतं. पण त्याने पिंपाच्या आतल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक किलोची भर पडते. पिंपाचं झाकण अर्धा मीटर व्यासाचं असेल तर एकट्या झाकणावर जवळपास दोन टन. लिटरभर पाण्याचे दोन टन! नळीऐवजी दोन मीटर रुंद हौद वर बांधून तितक्याच उंचीपर्यंत भरला असता, तरी पिंपाच्या आत दाब इतकाच वाढला असता.

भिंतीवर एकूण जोर किती, हा पुढचा प्रश्न, आणि इथे खोली दोनदा हात मारते. पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य, तळाशी सर्वांत जास्त, मध्ये सरळ चढत गेलेला. कागदावर काढलात तर त्रिकोण होतो. एक मीटर खोल हौदाच्या भिंतीचा एक मीटर रुंदीचा पट्टा घेतला तर त्यावर अर्धा टन जोर. खोली दोन मीटर केली की दाब दुप्पट आणि ओली भिंतही दुप्पट, म्हणून जोर दोन टन. चौपट. शिवाय त्रिकोणाचा भार खाली असल्यामुळे हा सगळा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागल्यासारखा वागतो. दुप्पट खोलीत ती उंचीही दुप्पट होते आणि भिंत तळाशी मोडू पाहणारी ताकद आठपट होते. कमरेएवढ्या हौदाचा डोक्याएवढा करताना "भिंत तीच राहू दे, वर चार थर चढव" म्हणणाऱ्याने हा आठचा आकडा लक्षात ठेवावा.

बांधकामावर शटरिंग करणाऱ्यांना हे न शिकता येतं. ओलं काँक्रीट काही वेळ जाड पाण्यासारखंच वागतं आणि पाण्यापेक्षा सुमारे २.४ पट जड असतं. कॉलम एका दमात भरला तर फळ्या फुगतात त्या खाली. म्हणून आवळण्याची सगळी मेहनत खालच्या भागात.

आता धरण. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आणि तिच्यामागे शिवसागर सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेला. एवढं पाणी त्या भिंतीला रेटतंय, या कल्पनेनेच भीती वाटते. पण भिंतीला पन्नास किलोमीटरांची खबरच नाही. पाण्याची खोली हिशेबासाठी शंभर मीटर धरा. एक मीटर रुंदीच्या पट्ट्यावर जोर पाच हजार टन, म्हणजे दहा-दहा टन भरलेले पाचशे ट्रक. आता भिंतीपासून एक मीटरवर, पाण्याच्या बाजूला दुसरी भक्कम भिंत उभारली आणि तिच्या पलीकडचा सगळा जलाशय उपसून टाकला अशी कल्पना करा. मध्ये राहिलं फक्त मीटरभर जाडीचं पाणी, पण शंभर मीटर खोल. धरणावरचा जोर किती कमी होईल? एक किलोनेसुद्धा नाही.

अशा दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाचं मुख्य हत्यार म्हणजे स्वतःचं वजन. शंभर मीटर उंच, तळाशी पंचाहत्तर मीटर रुंद असा काँक्रीटचा त्रिकोण धरला तर दर मीटर लांबीला सुमारे नऊ हजार टन वजन भरतं. पाच हजार टनांच्या आडव्या रेट्यासमोर ते नऊ हजार टन पाय रोवून उभे. धरणाची भिंत खाली एवढी ऐसपैस का असते, त्याचं उत्तर त्या दाबाच्या त्रिकोणात आहे.

मग पाणीसाठा किती टीएमसी, याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण भिंत उभी असेपर्यंत तो शेतीचा आणि विजेचा अर्थ आहे. भिंत गेली की साठा बोलू लागतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतची मातीची भिंत गेली. पाण्याने ती आडवी ढकलून दिली नव्हती. माती खचली, पाणी वरून वाहू लागलं आणि त्याने आपली वाट स्वतःच कोरली. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला, त्याच दिवशी तेही फुटलं आणि मुठेने पुण्यातल्या पेठा बुडवल्या. पूर किती वेळ चालणार आणि कुठवर चढणार, हे ठरवायला घनफळ लागतं. भिंतीवरच्या दाबात त्याला जागा नाही.

पाण्याचा पातळ पापुद्राही पुरतो, हे फ्रान्समधल्या बूझे धरणाने फार महागात शिकवलं. २७ एप्रिल १८९५ ला ते फुटलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. दगडी बांधकामाच्या फटींत पाणी शिरलं होतं. फट केसाएवढी असली तरी तिच्यातलं पाणी आपल्या खोलीइतक्याच दाबाने वरचा भाग उचलू पाहतं. ज्या वजनाच्या भरवशावर भिंत उभी, तेच हलकं होतं. त्यानंतर धरणाचा हिशेब करताना हा खालून येणारा उचल-दाब धरायची रीत पडली. मोठ्या धरणांच्या पोटात पाझर काढून टाकणारी गॅलरी, म्हणजे बोगद्यासारखी वाट, असते ती त्यासाठीच.

हा पापुद्रा आपल्या गल्लीतही असतो. उतारावरच्या सोसायट्यांना, घाटातल्या रस्त्यांना माती अडवणारी संरक्षक भिंत असते आणि तिच्यातून ओळीने छोटे पाइप बाहेर आलेले दिसतात. पावसाळ्यात त्यातून गढूळ पाणी ठिबकतं, खाली लावलेल्या गाड्या खराब होतात, म्हणून कोणीतरी जाऊन ते पाइप सिमेंटने बुजवतो. त्या माणसाला एक हिशेब सांगावासा वाटतो. भिंत दहा मीटर लांब आणि पाच मीटर उंच. तिच्यामागे दोन सेंटीमीटरची फट, काठोकाठ भरलेली. पाणी झालं एकूण हजार लिटर, घरच्या एका काळ्या टाकीत मावेल एवढं. भिंतीवर जोर सव्वाशे टन. साधी सुकी भुसभुशीत माती तेवढ्याच उंचीवर साधारण याच्या निम्म्याच्या आसपास जोर लावते. भिंत बांधणाऱ्याने पाइप ठेवले ते पाणी साचणार नाही असं धरूनच. पाइप बुजवला की त्याचं गणित आपण परस्पर बदलतो. मला तरी हे या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगाचं ज्ञान वाटतं, आणि सर्वांत दुर्लक्षित.

इतका वेळ मी पसाऱ्याला काही किंमत नाही असं सांगत आलो. आता थोडी माघार घेतो. दाबाला पसारा कळत नाही, हे खरंच. पण गोल टाकीच्या पत्र्याला कळतो.

गोल टाकीची भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहून पाणी अडवत नाही. ती पिंपाच्या लोखंडी पट्ट्यासारखी ताणली जाते. टाकी उभी मधोमध कापली असं समजा. आतलं पाणी दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून दूर ढकलतंय आणि त्यांना धरून ठेवताहेत फक्त कापाच्या दोन कडा. टाकी जितकी रुंद, तितकं जास्त पाणी त्या कापावर रेटतंय. कडा मात्र दोनच. पाच मीटर खोल पाण्याच्या तळाशी दाब अर्धा किलो. टाकी एक मीटर व्यासाची असेल तर तळाजवळ पत्र्याच्या दर सेंटीमीटर उंचीवर ताण पंचवीस किलो. दहा मीटर व्यासाची असेल तर अडीचशे. खोली तीच, दाब तोच, ताण दहापट. बारीक पाइप पातळ भिंतीनिशी मोठा दाब सोसतो आणि तितक्याच दाबाला मोठी टाकी जाड पत्रा मागते, ते यामुळे.

न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या गच्चीवर अजूनही लाकडी टाक्या दिसतात. त्यांच्याभोवतीचे लोखंडी पट्टे वर विरळ आणि खाली दाट असतात. दाबाचा त्रिकोण रस्त्यावरून वाचता येतो.

आणि बॉस्टन. १५ जानेवारी १९१९ ला तिथे काकवीची टाकी फुटली आणि दाट, चिकट लाटेखाली एकवीस जण गेले. टाकी सुमारे पंधरा मीटर उंच, सत्तावीस मीटर व्यासाची, जवळजवळ भरलेली. काकवी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड. तळाशी दाब झाला दोन किलोंच्या थोडा वर. हा दाब काही भयंकर नाही, आमच्या तळमजल्यावरच्या नळाला याहून जास्त असतो. पण नळाचा पाइप बोटाएवढा आणि ही टाकी सत्तावीस मीटर. गुणाकार केला तर पत्र्याच्या दर सेंटीमीटर उंचीला पावणेतीन टनांहून अधिक ताण येतो. पत्रा त्या मानाने पातळ होता. ती टाकी पहिल्यापासून गळत होती. आणि बांधल्यावर तिची चाचणी घेतली होती ती पंधरा सेंटीमीटर पाणी भरून. पंधरा मीटरांच्या टाकीत पंधरा सेंटीमीटर! तळाशी शंभराव्या भागाहूनही कमी दाब. तेवढ्याने भिंतीबद्दल काहीही कळत नाही, तळ गळतो का एवढंच कळतं.

आमच्या सोसायटीत कोटेशन आलं आणि आकडा पाहून दहा हजारांच्या टाकीचा उत्साह मावळला. मग तीच जुनी टाकी दोन मीटरच्या लोखंडी स्टँडवर चढवली. प्लंबरनेच चढवली. सातव्या मजल्यावर ०.३ चे ०.५ झाले, काका खूश आहेत. तळमजल्यावरच्या काकू मात्र भेटल्या की सांगतात, टाकी वर गेल्यापासून आमच्या नळाला इतका जोर आलाय की बेसिनमधलं पाणी अंगावर उडतं. त्यांच्याकडे २.४ चे २.६ झालेत. मी आपली मान डोलावतो.